लेकीचा अंगठा

आमच्या घरात खेकड्याचं माप आईच्या अंगठ्यानं ठरायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, बांबूचा कळक चिरून त्याच्या कामट्या काढायचे आणि आई त्या बांधून पिंजरा करायची. एक कामटी आडवी बांधून झाली की तिच्यावर डावा अंगठा ठेवायचा, अंगठ्यावर दुसरी कामटी टेकवायची, दोन्ही टोकांना सुतळीचे वेढे आवळायचे आणि अंगठा ओढून काढायचा. राहिली तेवढी फट. असा पिंजरा वरपर्यंत भरत जायचा, तोंडाला आत वळलेल्या काड्या बसायच्या, म्हणजे शिरलेल्याला परत त्या वाटेनं येता येऊ नये. संध्याकाळी आत कोंबडीची आतडी बांधायची, ओढायच्या दोरीचं टोक तळाखालून घेऊन त्यालाच दगड बांधायचा आणि आप्पा एकेक पिंजरा भीमेच्या डोहात सोडून यायचे. रात्रभर खेकडे आत शिरायचे, खायचे, आणि ज्यांचं अंग त्या फटीत मावायचं ते तिरके होऊन निघून जायचे. सकाळी जे आत उरत ते बाजाराचे. "खेकडा आडवा चालतो, मग त्याला दारबी आडवंच पायजे," आई म्हणायची. बारकं पिल्लू एखाद्या पिंजऱ्याबरोबर वर आलंच तर ती ते पोरासोरांना खेळायलासुद्धा द्यायची नाही, पाण्यात सोडायची. "जाऊ दे, आजून चार म्हैने खाऊ दे त्याला. कुठं जातंय?"

दौंडच्या खाली भीमेच्या काठाला आमची थोडी घरं होती आणि प्रत्येक घराच्या पिंजऱ्याची फट वेगळी होती, कारण प्रत्येक घरची बाई वेगळी होती. पिंजरा घरच्या बाईनंच बांधायचा, तिच्याच अंगठ्यानं, ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. बारीक बोटांची सून आली की त्या घरच्या पाटीत बारके खेकडे दिसायला लागायचे. त्यामुळे आमच्याकडे मुलगी बघायला गेले की नाकडोळे मागाहून, आधी हात बघायचे. आईला बघायला मांडवगण फराट्याला गेले तेव्हा माझ्या आज्यानं म्हणे पोहे खाली ठेवून आधी तिचा अंगठा बघितला आणि "झालं, जमलं" म्हणून पुन्हा पोह्यांची बशी उचलली. आईचा अंगठा गड्यासारखा जाड होता. लग्नात तिला त्यावरून फार चिडवलं होतं, पण आमचा डोह मोठ्या खेकड्यांचा आणि आईचा अंगठा त्यांच्याच मापाचा, त्यामुळे दौंडच्या बाजारात आमची पाटी उतरायच्या आत गिऱ्हाईक उभं असायचं.

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. कळक चिरताना होणारा तडतडाट, पत्र्याच्या डब्यात रात्रभर चाललेली खेकड्यांची खरखर, आणि लांबून दौंडच्या स्टेशनात गाड्या जोडताना होणारे धक्के. आई खेकड्याचे बारके पाय उखळात कुटायची, फडक्यातून त्याचं पाणी गाळून घ्यायची आणि भाजलेल्या खोबऱ्याचं, कांद्याचं वाटण लावून रस्सा करायची. त्या पाण्याला उकळी फुटली की सगळ्या घराला वास लागायचा. बाजरीची भाकरी चुरून त्यावर रस्सा ओतायचा आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही, कारण खेकडा खाताना बोलणाऱ्याच्या हाती नुसतं कवच राहतं. आता इथं सासरी, कासुर्डीत, माझी सून मटण छान करते, पण घरात खेकडे आणायला तिची ना आहे. वास जात नाही म्हणते. नाहीच जात, खरं आहे तिचं.

आई काविळीनं गेली. पिवळी पडली, जेवायची थांबली आणि गेली, एवढंच मला समजलं. घरात आप्पा आणि मी, दोघंच उरलो. मी तेव्हा शाळेत जात होते, पण भाकऱ्या माझ्याकडे आल्यावर शाळा आपोआप सुटली. कुणी सोड म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. आप्पा मुळातच कमी बोलणारा माणूस. आई होती तोवर ते ध्यानात येत नव्हतं, कारण दोघांचं ती एकटीच बोलायची. आता मी ताट वाढायचे, ते जेवायचे, ताट सरकवायचे आणि नदीवर जायचे. दुपारभर मी ओट्यावर बसायचे आणि पलीकडच्या काठावरून उसाची गाडी गेली तर तिच्या बैलांच्या घुंगरांकडे कान लावायचे. शेजारच्या बाया आधी येऊन बसत, मग येईनाशा झाल्या. त्यांना त्यांची घरं होती. मला फार एकटं वाटायचं. ते कुणाला सांगायचं असतं हेही मला माहीत नव्हतं.

रीतीप्रमाणे वर्षश्राद्ध झालं की मेलेल्या बाईच्या मापाचे पिंजरे वापरातून काढायचे. आप्पांनी काढले नाहीत. कळक पाण्यात फार दिवस टिकत नाही. एक पावसाळा, फार तर दुसरा. आईचे पिंजरे कुजायला लागले तसे आप्पा स्वतः बांधायला बसले. आईचा एक पिंजरा शेजारी ठेवायचा, त्याची फट बघायची आणि तेवढीच फट नव्यात धरायची. आपल्याच पिंजऱ्यावरून दुसरा केला की फट सरकायची, म्हणून माप दर वेळी आईच्याच पिंजऱ्याचं. काठावरचे लोक मागून हसायचे. सोपानतात्या म्हणून शेजारी होते, ते तर तोंडावर म्हणायचे, "आरं, बाईचं काम कराया लागलास. दुसरी आण की एखादी." आप्पा कामटी तासत राहायचे.

मी त्या वेळी एक खेळ करायचे. आप्पा नदीवर गेले की आईच्या पिंजऱ्यापाशी बसायचं आणि फटीत आपला अंगठा घालायचा. आधी तो आत लुळा पडायचा, चारी बाजूंनी हलायचा. मी आईच्या जागी बसल्यासारखं करून सुतळी आवळण्याचं सोंग करायचे. पुढं पुढं तो कमी हलायला लागला. आणि एका दुपारी घातला तो वरच्या कामटीला टेकला, खालच्याला टेकला आणि तसाच बसला. मी तो किती तरी वेळ काढलाच नाही. आईचा हात धरून बसल्यासारखं वाटलं. आज माझ्या वयाला असलं काही लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

आणि त्याच उन्हाळ्यात आप्पांनी दुसरं लग्न केलं. शिरूरकडची, घोड नदीच्या काठची बाई. पहिल्या घरी मूल झालं नाही म्हणून तिला माहेरी आणून सोडलेलं होतं. तिचं नाव हौसा, मी तिला मावशी म्हणायचं असं ठरलं. माय मरो, मावशी जगो अशी म्हण आहे आपल्याकडे. ती ज्यानं काढली त्याच्या घरात असली मावशी आली नसावी, असं मी तेव्हा मनात म्हणाले. वास्तविक ती मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. सडपातळ, खालमानेची, चुलीपुढं बसली तरी पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची. तिच्या हाताकडे काठावरच्या सगळ्या बायांनी पहिल्याच दिवशी बघून घेतलं. बोटं शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक होती.

आप्पांनी तिला पिंजरा बांधायला सांगितलं नाही. ते आईचा पिंजरा शेजारी ठेवून आपले आपणच बांधत राहिले. ती कामट्या पुसून द्यायची, पाणी आणून द्यायची आणि बाजूला उभी राहायची. दुसऱ्या घरातल्या बाया तिला विचारायच्या, "काय गं, आजून आंगठा लावला न्हाईस?" ज्या घरात बाईचा अंगठा पिंजऱ्याला लागत नाही, त्या घरात ती बाई नांदतेय असं कुणी धरत नसे. मला हे सगळं समजत होतं आणि मला बरं वाटत होतं. पण आईचा शेवटचा पिंजरा आता हातात धरला की कामट्यांचे धागे सुटायचे. तो गेला की माप गेलं, आणि मग मावशीचा अंगठा येणार, हे मला दिसत होतं. आई घरातून दुसऱ्यांदा जाणार होती. मला ते होऊ द्यायचं नव्हतं, आणि माझ्याकडे तर माप होतं. ते माझ्या हाताला उगवून आलं होतं.

म्हणून मी एक पिंजरा बांधला. आप्पा बाजाराला गेले होते, मावशी धुणं घेऊन नदीवर होती. आई बसायची तसं एक पाय दुमडून बसले, डावा अंगठा ठेवला आणि बांधत गेले. सुतळीनं बोटं सोलून निघाली, काड्यांचं तोंड जरा तिरकं झालं, पण फटी अशा सारख्या आल्या की मी आईचा पिंजरा शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा बघितलं. आप्पा येताना दिसले तशी मी तो दोन्ही हातांनी उचलून ओट्याखाली उतरले. त्यांच्याबरोबर सोपानतात्या होते. आप्पांनी पिंजरा हातात घेतला, फिरवून बघितला, फटीतून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा मी कधी नव्हे तो उजळलेला बघितला. खरंच बघितला, ते काही मी मागाहून मनानं रंगवलेलं नाही.

"मावशीनं बांधला व्हय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई, मी बांधला," मी म्हणाले. "माझ्या आंगठ्यानं."

तात्यांनी कानाला हात लावले. "आरं देवा! लेकीचा आंगठा लावतंय का कुणी? लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जानार, तिच्या मागं डव्हातलं समदं खेकडं जातील. तुझं तर जातीलच, आमचंबी जातील. मोड त्यो पैला."

आप्पा तसेच उभे होते. मी म्हणाले, "आप्पा, आईच्या मापाचाच हाय. बगा ना लावून."

"इंदे, आत जा," आप्पा म्हणाले.

मी गेले नाही. त्यांनी पिंजरा खाली ठेवला, त्यावर पाय दिला आणि मोडला. ओला कळक पटकन मोडत नाही, त्यामुळे त्यांना दोनतीनदा पाय द्यावा लागला. मग ते तुकडे गोळा करून त्यांनीच चुलीशी नेऊन टाकले. मावशी धुण्याचे पिळे खांद्यावर घेऊन दाराशी आली होती, तिनं सगळं बघितलं होतं. मी रडले नाही. या घरात माझं काही नाही, एवढंच मला कळलं. जी मेली तिचा अंगठा चालत होता, जी कालपरवा आली तिचाही चालणार होता, आणि जी इथं जन्मली तिचा तेवढा चालत नव्हता. त्या दिवसापासून मी आप्पांशी कामापुरतं बोलायला लागले. ते कधीच जास्त बोलत नव्हते, त्यामुळे आमच्यात काही बिनसलंय हे कुणाच्या ध्यानातही आलं नसेल.

पुढच्या पावसाळ्यात पिंजरे कमी पडले म्हणून आप्पांनी आईचा पिंजराही डोहात सोडला आणि तो पाण्यातून वर आलाच नाही. दोरीला नुसता दगड लागला. आप्पांनी दोरी गुंडाळली आणि घरी येऊन कामट्यांचा भारा मावशीपुढं ठेवला.

मावशीचे पिंजरे दिसायला फार देखणे होते, आईच्या पिंजऱ्यांपेक्षा देखणे. पण फटी बारीक. त्यांतून काहीच बाहेर पडेना. पहिल्या सकाळी पिंजरे जड लागले म्हणून आप्पा खूश झाले असतील. वर काढून बघितलं तर आत मोठे आणि बारके एकात एक गच्च, आणि रात्रभर मोठ्यांनी बारक्यांना फाडून खाल्लेलं. त्या झुंजीत मोठ्यांच्याही नांग्या तुटलेल्या. बिननांगीचा खेकडा बाजारात कोण घेतो? दौंडची व्यापारीण, जी आमच्या पाटीची वाट बघायची, ती पाटीत हात घालून म्हणाली, "काय वो, पांगळी आणली व्हय समदी?" आणि दुसऱ्याच्या पाटीकडे वळली. असं दिवसामागून दिवस झालं. ज्यांची जागा उथळ खडकाळ होती त्यांना बारीक फट चालायची, कारण तिथं मोठा खेकडा मुळात नव्हताच. आमच्या डोहाला ती चालत नव्हती. आप्पा ते तुटके खेकडे घरी आणायचे, मावशी त्यांचा रस्सा करायची आणि आम्ही तिघं मुकाट्यानं खायचो. आप्पा तिला काही बोलले नाहीत. एकदा मात्र जेवता जेवता म्हणाले, "पिंजरं ठिवावं म्हंतो वर. कारखान्यावर वाचमन पायजेत." मावशीचा हात ताटात तसाच राहिला. पिंजरे वर ठेवले तर ते तिच्या अंगठ्यामुळं ठेवले, हे सगळा काठ म्हणणार होता. एका घरानं तिला मूल नाही म्हणून काढलं होतं आणि आता दुसऱ्या घराचा नदीवरचा धंदा तिच्या हातानं बसला असता.

दुसऱ्या दिवशी आप्पा कारखान्याकडे म्हणून निघून गेले. दुपारी मी पाणी भरून आले तर मावशी ओट्यावर कामट्या घेऊन बसलेली. तिनं जुन्या धोतराची चिंधी फाडून डाव्या अंगठ्याला गुंडाळली होती. मला वाटलं कापलं. मी विचारणार तेवढ्यात तिनं तो गुंडाळलेला अंगठा दोन कामट्यांमधे धरला, फट बघितली, मान हलवली आणि अजून एक वेढा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इंदे, तुझ्या आईचा आंगठा केवढा व्हता गं?"

न सांगणं माझ्या हातात होतं. आईचा पिंजरा नव्हता, आप्पांना नुसत्या डोळ्याला अंदाज येत नव्हता. ते माप आता एका माझ्याच हातावर होतं. न सांगता घागर उचलून आत गेले असते तरी मला कुणी बोल लावला नसता. पण तिच्या अंगठ्यावरची चिंधी सुटली आणि ती दातानं गाठ मारायला लागली, तिला ती जमेना, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं. मी घागर खाली ठेवली. तिच्याशेजारी बसले आणि माझा अंगठा पुढं केला.

तिनं तो धरला. आई गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. तिनं आपला अंगठा माझ्या अंगठ्याला लावून बघितला आणि एकेक वेढा देत गेली; मी गाठ मारून दिली. मग कामट्यांमधे आधी माझा अंगठा घातला, मागनं तिचा.

"हालतोय का?"

"न्हाई."

"मंग येवढाच," ती म्हणाली. आणि सुतळी उचलत, "कुनाला सांगू नगंस. आंगठा माझाच हाय. वर चिंधी हाय, येवढंच."

आप्पा संध्याकाळी परत आले. कारखान्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मावशीनं नवे पिंजरे पुढं ठेवले, त्यांनी आमिष बांधलं आणि गेले. त्या पावसाळ्यात आमची पाटी पुन्हा भरली. मोठे, धड, नांग्या उगारलेले खेकडे. काठावरच्या बाया म्हणायला लागल्या की हौसाच्या हाताला यश आहे, आधी जरा बिचकत होती एवढंच. सोपानतात्यांनीही तिचं कौतुक केलं. मी कोपऱ्यात भाकरी थापत ते ऐकायचे. माझ्या अंगठ्याला यश होतं आणि घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मावशी आणि मी त्यानंतर काही मैत्रिणी झालो नाही. पिंजरे बांधायचे दिवस आले की ती मला हाक मारायची, अंगठा लावून बघायची, चिंधी गुंडाळायची, आणि मग आम्ही आपापल्या कामाला लागायचो.

माझं लग्न कासुर्डीला झालं, हायवेच्या कडेला. इथं नदी नाही, पाटाचं पाणी आहे. मालक कंपनीत होते. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं. माहेरी जायचे तेव्हा आप्पा ओट्यावर असायचे. "आलीस?" म्हणायचे, निघताना "नीट जा." त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून होते तेव्हाही आम्ही त्यापलीकडे काही बोललो नाही. मी आतून वाट बघत होते की ते त्या मोडलेल्या पिंजऱ्याविषयी काही तरी म्हणतील. नाही म्हणाले. मी त्यांच्यावर रुसूनच त्यांना पोहोचवलं, हे खरं आहे.

मावशी त्यांच्यामागं बरीच वर्षं जगली. आता डोहात खेकडे थोडे, आणि असतात त्यांना परप्रांतातून आलेले लोक मच्छरदाणीच्या कापडासारख्या जाळीनं धरतात. तिच्यातून तांदळाएवढं पिल्लूही सुटत नाही. मागच्या दिवाळीत मी मावशीला भेटायला गेले. तिचे डोळे गेले होते. तिनं माझा हात ओढून घेतला आणि चाचपत अंगठ्यापाशी आली. तो आता सांधेवातानं सुजून हळकुंडासारखा झाला आहे.

"आगं बाई, ह्या मापानं तर म्होरक्या खेकडाबी निसटंल," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग हात न सोडता ती म्हणाली, "त्यास्नी म्हाईत व्हतं."

"कुनाला?"

"तुज्या आप्पास्नी. त्या दिशी कारखान्याला गेलंच न्हवतं. अर्ध्या वाटंवरनं माघारी आलं, तवा आपन दोघी बसलेलो. मी बगितलं त्यास्नी. चिंधी गुंडाळलेली बगितली, तुजा आंगठा बगितला, आन् पावलं न वाजवता माघारी फिरलं. दिस मावळस्तवर नदीवर बसून राह्यलं."

"मंग येवढ्या वर्सांत एका शब्दानं बोललं का न्हाईत?"

मावशीनं माझा अंगठा कुरवाळला.

"बोललं असतं, तर पिंजरं मोडावं लागलं असतं."